पाटणे परिसर: पर्यावरण, शिक्षण आणि भूतकाळ यांचा एकत्र अभ्यास करायचा, तर प्रश्न कसा मांडावा?

प्रश्न: गिरणाकाठ

सर्वांना नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि पीएच. डी.च्या नोंदणीसाठी संशोधनाचा आराखडा तयार करीत आहे. अभ्यासाचे क्षेत्र पाटणे आणि त्याच्या भोवतालची काही गावे एवढ्यापुरते ठेवण्याचा विचार आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याचे हे गाव बहुतेकांना पाटणादेवीच्या यात्रेमुळे किंवा गौताळा अभयारण्यामुळे ठाऊक असते; परंतु एवढ्याशा परिघात अभ्यासकाच्या उपयोगाचे जे एकवटले आहे, तसे खानदेशात दुसरीकडे क्वचितच आढळेल. १९७२-७३ साली एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले आणि पुराणाश्मयुगापासूनच्या थरांत दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. येथील देवळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख सापडला. वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. आणि आज याच गावांत उन्हाळा लागला की विहिरी तळाला जातात, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मुले शाळा सोडून आईवडिलांबरोबर तोडीला जातात.

यावरून मी शीर्षक योजले ते असे: ‘पाटणे परिसरातील पर्यावरण, शिक्षण आणि मानवी भूतकाळ: एक आंतरविद्याशाखीय अभ्यास’. ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांना मी आराखडा दाखवला, त्यांनी तो शांतपणे वाचून एवढेच सांगितले की, ही तीन चांगली प्रकरणे एका पुठ्ठ्यात बांधली जातील, त्यांचा प्रबंध होणार नाही. त्यांचे म्हणणे मला पटते, पण त्यावरचा उपाय सुचत नाही. तिन्ही बाजूंना खरोखर जोडणारा प्रश्न कोणता असू शकतो? पाटण्यासारख्या लहान परिसराच्या जुन्या हवामानाविषयी विश्वासार्ह पुरावा कोठून मिळवावा? शिलालेखानंतर थेट इंग्रजी अमदानीपर्यंत येथील शिक्षणाविषयी काही कागद हाती लागतात का? आणि क्षेत्रकार्यात विद्यार्थ्यांना बरोबर घेतले तर चालेल का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: खापर आणि थर

ताई, ज्या प्राध्यापकांनी आपल्याला सावध केले त्यांनी आपली दोन-तीन वर्षे वाचवली आहेत असे समजा. मी काही काळ पुरातत्त्वीय क्षेत्रकार्यात घालवला आहे, म्हणून त्याच बाजूने लिहितो.

आपल्या यादीतील पुरावे निरनिराळ्या काळांचे आहेत, हे उघडच आहे. अडचण त्याहून खोल आहे. प्रत्येक पुराव्याची काळ सांगण्याची रीत वेगळी आहे. कार्बन-१४ पद्धतीने (सेंद्रिय अवशेषांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून) मिळणाऱ्या वयात शे-दोनशे वर्षांची कमीजास्ती गृहीतच धरलेली असते, शिलालेख थेट शक आणि तिथी सांगतो, तर महसुली कागद हंगामापर्यंत खाली उतरतो. या तिन्हींना एका ओळीत मांडून ‘पंचवीस हजार वर्षांचा अखंड प्रवास’ असे म्हटले की वाक्य डौलदार होते, पण त्या वाक्यातील ‘अखंड’ हा शब्द सिद्ध करायला आपल्याजवळ काहीही नसते. पाटण्यातील दगडी हत्यारे घडवणारी माणसे आणि चांगदेवाच्या मठातील विद्यार्थी यांचे नाते एवढेच की, त्यांनी तोच डोंगर पाहिला.

शहामृगाचे उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण नव्या अभ्यासकाला पहिला मोह त्याचाच पडतो. पाटण्याच्या त्या तुकड्याचे वय सुमारे २५,००० वर्षे धरले जाते. त्याच्यावर समांतर रेघांच्या पट्ट्या असून त्या पट्ट्यांमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी आहे. भारतात अशा ‘कोरलेल्या’ कवचांचे कितीतरी तुकडे पूर्वी नोंदले गेले होते. प्रागैतिहासिक कलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ते बारकाईने तपासले, तेव्हा जवळजवळ सर्वांवरील रेघोट्या मातीत गाडलेल्या कवचावर वनस्पतींच्या मुळांनी उमटवलेल्या निघाल्या; माणसाच्या हातची नक्षी म्हणून टिकला तो पाटण्याचा तुकडा. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतून डीएनए मिळवला आणि ही अंडी खरोखर शहामृगाचीच होती हे २०१७ साली प्रसिद्ध केले. आता यावरून आपल्याला काय म्हणता येते? एवढेच की, त्या काळी या भागात शहामृगाला मानवेल असा उघडा, कोरडा गवताळ प्रदेश असावा आणि येथील माणसे त्या कवचाचा दागिन्यासाठी उपयोग करीत होती. त्यावरून आजच्या दुष्काळाविषयी, किंवा तेराव्या शतकातील पावसाविषयी, एक अक्षरही निघत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, शहामृग प्रस्तावनेतील एका परिच्छेदात ठेवावा आणि प्रबंधातून वगळावा. हे कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

ताम्रपाषाण काळाकडे, म्हणजे दगडाबरोबर तांबेही वापरणाऱ्या पहिल्या शेतकरी वस्त्यांच्या काळाकडे, वळावे असे वाटले, तर सामग्री भरपूर आहे. आपल्याच तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे आणि नदीपलीकडे टेकवाड्याची दफने आहेत. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे आहे, तेथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. साक्री तालुक्यातील कावठ्याला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना याच काळातील सावळदा संस्कृतीची वस्ती मिळाली, तीत जमिनीत खड्डे खणून केलेली घरे होती. परंतु तेथे शिक्षणाचा धागा लागत नाही. शिवाय या काळात एक जुना वाद आपली वाट पाहत बसलेला आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी महाराष्ट्रातील ताम्रपाषाणकालीन जोर्वे संस्कृतीच्या उतरत्या काळाचा संबंध इ. स. पू. १००० च्या सुमारास वाढलेल्या कोरडेपणाशी जोडला होता. ती मांडणी प्रभावी आहे, पण पाऊस कमी झाला म्हणून वस्त्या उठल्या असे म्हणण्यासाठी पाऊस कमी झाल्याचा पुरावा वस्त्या उठण्याच्या घटनेपासून स्वतंत्रपणे मिळायला हवा. नाही तर ओसाड गावावरून दुष्काळ सिद्ध करायचा आणि त्याच दुष्काळावरून गाव ओसाड का पडले ते सांगायचे, असे चक्र सुरू होते. ही सावधगिरी आपल्याला कोणत्याही काळात बाळगावी लागेल.

जुन्या हवामानाविषयी थोडक्यात सांगतो. ऐतिहासिक काळातील मोसमी पावसाचे मध्य भारतातील महत्त्वाचे पुरावे गुहांतील चुनखडीच्या थरांतून मिळाले आहेत. बस्तरमधील दंडक गुहेच्या नोंदीत चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत पाऊस दुर्बळ असलेले मोठे कालखंड दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी सागाच्या वाढवलयांवर काम केले आहे. तापीच्या खडकाळ घळईत महापुरांनी कडेला टाकलेल्या गाळाचा अभ्यास वि. स. काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. हे सारे उत्तम काम आहे, पण बस्तर म्हणजे चाळीसगाव नव्हे. मोठ्या प्रदेशाचा कल म्हणून त्याचा उल्लेख करावा. ‘पाटण्यात अमुक वर्षी दुष्काळ पडला’ असे त्यावरून लिहू नये. स्थानिक पुरावा हवा असेल तर तो नदीच्या दरडीत, जुन्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या गाळात आणि महसुली दप्तरात शोधावा लागेल.

उत्तर: मोडीवाचक

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. आता जोडणारा प्रश्न कोणता, याविषयी लिहितो. तो आपल्या शिलालेखातच लिहिलेला आहे, फक्त लेखाचा जो भाग सहसा कोणी वाचत नाही त्या भागात.

भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख प्रकाशात आणला आणि पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी त्याचे चिकित्सक संपादन केले. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ मधील हा लेख यादव राजा सिंघण याच्या काळचा असून दान देणारे त्याचे निकुंभ वंशातील मांडलिक सोइदेव आणि हेमाडिदेव हे आहेत. लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे आणि त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यांची परंपरा, भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपाल याने याच नगरातून आपल्याकडे नेल्याची हकीकत आणि चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी असल्याचा उल्लेख येतो. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक येथे थांबतात. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाचा वाद घालणारेही येथेच थांबतात, आणि त्या वादात आपण पडू नये अशी माझी कळकळीची सूचना आहे, कारण प्रबंधाची पाने त्यात जातील आणि हाती काही लागणार नाही.

परंतु संस्कृत संपल्यावर लेखात मराठी सुरू होते, आणि तेथे मठ चालणार कशावर याचा हिशेब आहे. पाटणच्या, म्हणजे आजच्या पाटण्याच्या, बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यायचे आहे. जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे आणि मापाईचा, म्हणजे माप करण्याच्या शुल्काचा, अर्धा वाटा मठाचा, अशी व्यवस्था आहे. सुपाऱ्यांचाही उल्लेख आहे. खगोलशास्त्र आणि गणित शिकवणारी संस्था घाण्यावरच्या तेलावर आणि बाजारातल्या मापावर उभी राहिली होती, हे एका दगडावर इतक्या स्पष्टपणे लिहिलेले सापडणे दुर्मीळ आहे.

आता आपल्या तीन विषयांकडे याच बाजूने पाहा. तेल येते तेलबियांतून, तेलबिया येतात कोरडवाहू काळ्या जमिनीतून, बाजार भरतो तो घाटाखालच्या वाटेमुळे, आणि या सर्वांचा एक अंश विद्येकडे वळवला जातो. म्हणून प्रश्न असा करता येईल: या परिसरात शिक्षणाचा खर्च जमिनीच्या आणि बाजाराच्या कोणत्या उत्पन्नातून चालत होता, आणि ते उत्पन्न आटले की शिक्षणाचे काय होत असे? यात पर्यावरण हे केवळ पार्श्वभूमीचे चित्र न राहता कारणांच्या साखळीत येते, शिक्षणाला हिशेब मिळतो आणि भूतकाळ तपासण्याजोगा होतो.

एक मर्यादा मात्र स्पष्ट लिहावी लागेल. शिलालेख हा संकल्पाचा पुरावा असतो. मठ स्थापन झाला आणि त्याला उत्पन्न लावून दिले, हे कळते. तो किती वर्षे चालला, किती विद्यार्थी होते, पळीभर तेल खरोखर पोहोचत होते की नाही, हे त्यावरून कळत नाही. तुलनेसाठी आपल्याच तालुक्यातील बहाळचा शिलालेख घ्यावा. शके ११४४ मध्ये, भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव याने तेथे भवानीचे देऊळ बांधल्याची त्यात नोंद आहे, आणि हा अनंतदेवही सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषीच होता. एकाच घराण्यातील दोन माणसे, एकाच नदीखोऱ्यात, पंधरा-सोळा वर्षांच्या अंतराने. एकाने मठ काढला, दुसऱ्याने देऊळ बांधले. साक्री तालुक्यातील बळसाण्याच्या देवळांच्या समूहातही मठ मानली जाणारी वास्तू आहे, तीही पाहून यावी.

नंतरच्या कागदांविषयी: मधल्या शतकांत फार मोठी पोकळी आहे आणि ती भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. इंग्रजी अमदानीच्या प्रारंभी मात्र पुन्हा उजेड पडतो. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला आणि १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन याने जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागवली. त्यावर आलेले अहवाल रा. वि. परुळेकर यांनी संकलित करून १९५१ साली प्रसिद्ध केले आहेत. त्यांत खानदेशही आहे. त्याला जोडून १८८० चे खानदेश गॅझेटियर वाचावे. मोडी कागदांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि पुण्याचे पेशवे दप्तर ही दोन ठिकाणे आहेत. मोडी येत नसेल तर आजच शिकायला घ्या; भाड्याने वाचून घेतलेल्या मोडीवर प्रबंध उभा करणे धोक्याचे असते.

उत्तर: पांझरेचा पाट

मी शेतकरी आहे, सिंचन खात्यात काही वर्षे काम केले आहे, आणि आमच्या घरात पाटकऱ्याचे काम पिढ्यान् पिढ्या होते. विद्वानांच्या चर्चेत उतरतो आहे, सांभाळून घ्यावे.

पर्यावरण म्हटले की वरील दोघांनीही पाऊस आणि हवामान यांच्याकडे पाहिले. खानदेशात पावसाइतकेच महत्त्व पाण्याच्या वाटपाला आहे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवरची फड पद्धत साधारण तीन-चारशे वर्षांची मानली जाते. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेताला सारंग, आणि जादा पाणी परत नदीत सोडायला सांडम, अशी ती रचना आहे. बंधाऱ्याखालचे कायम बागायती क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले असते. कोणत्या वर्षी कोणता फड भिजवायचा, कोणता पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवते आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते. ज्याची जमीन पाटाच्या तोंडाशी आहे आणि ज्याची शेवटी आहे, ते दोघेही त्यामुळे एका नियमात येतात. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या रात्री पाट राखतो, आणि त्यांचा मोबदला फार दिवसांपर्यंत धान्याच्या रूपात ठरलेला असे.

मोडीवाचक सरांनी मठाच्या तेलाची गोष्ट सांगितली, त्यावरून मला हे सुचले. विद्या असो की पाणी, गावातील सामाईक काम करणाऱ्याला पिकाचा ठरलेला वाटा देण्याची रीत एकच दिसते. परंतु येथे एक धोक्याची सूचनाही मीच देतो: आपले पाटणे फडाच्या मुलखात येत नाही. म्हणून पांझरेची पद्धत उचलून पाटण्याला चिकटवू नका. आपल्या भागात डोंगरातून उतरणारे ओढे आहेत, जुनी तळी आहेत, देवळाजवळच्या बारवा आहेत. त्यांची नोंद कोणी केली नसेल तर ती आपण करावी. किती लोकांच्या शेताला कोणत्या ओढ्याचे पाणी जात होते आणि त्याचा हक्क कागदावर कसा लिहिला आहे, एवढे जरी एका खोऱ्यापुरते निघाले तरी ते नवीन ज्ञान होईल.

खापर आणि थर यांच्या एका मताला माझा आक्षेप आहे. पुराव्याची यादी करताना त्यांनी दरड, गाळ आणि दप्तर सांगितले, पण माणसे सांगितली नाहीत. सत्तरी ओलांडलेली माणसे पाट कोठून फिरवला, कोणत्या साली बंधारा फुटला, कोणते वाण कधी गेले, हे सांगतात आणि ते दप्तराशी ताडून पाहता येते. त्यांच्याशी बोलताना अहिराणीतच बोला. ग्रंथांच्या मराठीत प्रश्न विचारला की उत्तरही ग्रंथातल्यासारखे येते. माणूस तुम्हाला हवे ते सांगून मोकळा होतो. आणि ‘पूर्वी पाऊस कसा होता?’ असे विचारू नका. पूर्वीचा पाऊस सर्वांनाच चांगला आठवतो. ‘तुमच्या लग्नाच्या वर्षी विहिरीला पाणी किती परसांवर होते?’ असे विचारा (परस म्हणजे पुरुषभर खोली).

उत्तर: खापर आणि थर

पांझरेचा पाट यांचा आक्षेप मान्य करण्याजोगा आहे, पण मौखिक माहितीची पोच दोन, फार तर तीन पिढ्यांची असते. विसाव्या शतकापुरती ती अमूल्य आहे. तिचा उपयोग करून तेराव्या शतकाविषयी बोलण्याचा प्रयत्न झाला तर मात्र मी विरोध करीन. देवीच्या मंदिराविषयी गावात सांगितल्या जाणाऱ्या कथा लोकसाहित्य म्हणून नोंदवाव्यात, बांधकामाचा काळ ठरवण्यासाठी वापरू नयेत.

प्रतिसाद: गिरणाकाठ

आपण तिघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वाचून मी शीर्षकासह आराखडा बदलत आहे. शहामृग आणि ताम्रपाषाण वस्त्या प्रास्ताविकात जातील. मुख्य प्रश्न मोडीवाचक सरांनी सुचवल्याप्रमाणे शिक्षणाच्या खर्चाचा राहील, आणि त्याचे तीन कालखंड असतील: १२०७ चा शिलालेख व १२२२ चा बहाळचा लेख, १८१८ नंतरची पहिली पन्नास-साठ वर्षे, आणि विसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते आज. हे तीन तुकडे सुटे आहेत आणि त्यांच्यामधील पोकळीवर मी पूल बांधणार नाही, असे पहिल्याच प्रकरणात लिहून टाकीन. तिसऱ्या कालखंडात शाळेच्या हजेरीपटांवरून स्थलांतराच्या महिन्यांत किती मुले गैरहजर असतात हे पाहून त्या त्या वर्षीच्या पावसाशी ते ताडून पाहता येईल, असे वाटते. तालुक्याच्या पर्जन्याच्या नोंदी उपलब्ध होण्याजोग्या आहेत.

यात एक शंका राहते. हजेरीपटावर मूल उपस्थित दिसते आणि प्रत्यक्षात ते साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, असते, असे मी स्वतः पाहिले आहे. मग या कागदाला पुरावा म्हणावे की नाही? आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात घेण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

उत्तर: मोडीवाचक

हजेरीपट हा पुरावाच आहे, पण तो मुलाच्या उपस्थितीचा नसून शाळेने काय दाखवणे आवश्यक मानले त्याचा आहे. १८२४ च्या अहवालांनाही तेच लागू पडते. मामलेदाराने शाळा मोजल्या त्या ज्या घरात पंतोजी बसतो त्या. बापाकडून मुलगा हिशेब शिकतो ती शिकवण त्यांत येत नाही, आणि डोंगरातील भिल्ल मुलांची शिकवण तर मुळीच येत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी एकच पद्धत वापरा: त्याच वर्षाचा, वेगळ्या हेतूने केलेला दुसरा एखादा कागद शोधून त्याच्याशी ताडा. हजेरीपटाच्या बाबतीत ऊसतोड मुकादमाच्या उचलीच्या (मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेच्या) वह्या, पोषण आहाराची नोंद किंवा लसीकरणाची नोंद उपयोगी पडेल. कागद आपसांत जुळले नाहीत तर निराश होऊ नये. ते कोणत्या महिन्यांत जुळत नाहीत, हाच कदाचित आपल्या तिसऱ्या प्रकरणाचा मुख्य निष्कर्ष ठरेल. मुलांची आणि शाळेची नावे मात्र प्रबंधात कोठेही येऊ देऊ नका.

उत्तर: खापर आणि थर

विद्यार्थ्यांविषयी. अवश्य घ्या, पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या. अभयारण्याच्या हद्दीत जायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. तेथे कुदळ लावायची नाही, गंमत म्हणूनही नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखिताच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित, पुरावस्तू ठरू शकते, तेव्हा कोणाच्या घरी मोडी रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) निघाला तर तो घेऊन येऊ नये. तेथेच छायाचित्रे काढून मालकाला परत द्यावा आणि तशी पोच लिहून घ्यावी.

नांगरलेल्या शेतात खापर किंवा गारगोटीची पाती दिसल्या की मुले त्या खिशात घालतात, हे प्रत्येक सहलीत घडते. जागेवरून हललेले खापर कोणत्या शेतातील, कोणत्या उंचवट्यावरचे, हे सांगता येत नाही आणि मग त्याचा उपयोग संपतो. मुलांना चार-चारच्या गटात विभागून प्रत्येक गटाला मोजपट्टी, वही आणि फोन द्यावा. वस्तू जमिनीवरच ठेवून शेजारी मोजपट्टी मांडून छायाचित्र काढावे, फोनवरील अक्षांश-रेखांश, शेताचा गट क्रमांक आणि शेतमालकाची परवानगी वहीत लिहावी, आणि वस्तू तेथेच सोडून पुढे जावे. पहिल्या दिवशी देवळाच्या बाजूला न जाता गावाजवळच्या ओढ्याच्या दरडीपासून सुरुवात करा. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे आणि त्याखाली गोट्यांचा थर, एवढे मुलांना स्वतः ओळखता आले की पुढचे काम सोपे जाते. यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवताने दरड झाकलेली असते.